वृंदगायन आणि त्याचा नायक

पुष्कळ माणसें एकत्र गाऊं लागलीं म्हणजे वृंदगायन होतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी असती, तर गणेशोत्सवांतील प्रत्येक आरती हें उत्तम वृंदगायन ठरलें असतें. प्रत्यक्षांत काय घडतें हें घरोघरच्या मंडळींस ठाऊक आहे. ज्या पट्टींत आरती सुरू होते त्या पट्टींत ती क्वचितच संपते. दुसऱ्या कडव्यापासून लय चढूं लागते. ज्याचा आवाज मोठा तो इतरांस ओढीत नेतो, आणि ज्याचा आवाज बारीक तो नुसते ओठ हलवून टाळ्या वाजवितो. भक्तिभावाच्या दृष्टीनें यांत कांहीं उणें नाहीं. आरती देवासाठीं असते, श्रोत्यांसाठीं नसते. परंतु हींच माणसें एखाद्या समारंभांत समूहगीत म्हणावयास उभीं राहिलीं, कीं त्यांच्या गाण्याचा गलबला होतो. आणि तींच एखाद्या जाणत्या नायकाच्या हाताखालीं सहा महिने राहिलीं, कीं त्याच कंठांतून एकसंध, गोड ध्वनि निघूं लागतो. हा पालट कशानें होतो, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

त्याच्या उत्तरासाठीं प्रथमच युरोपकडे धांव घेण्याचें कारण नाहीं. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. त्यांत गायक-वादकांच्या वृंदाचा स्वतंत्र विचार केलेला आहे. उत्तम वृंदांत चार मुख्य गायक, आठ सहगायक, बारा गायिका, चार बांसरीवादक आणि चार मृदंगवादक, अशीं एकंदर बत्तीस माणसें असावीं, असें तो सांगतो. पुढें तो वृंदाचे सहा गुण देतो. मुख्य गायकास अनुसरणें हा पहिला. आवाजांनीं एकमेकांत मिसळून जाणें हा दुसरा. ताल व लय यांस धरून चालणें हा तिसरा. एकाचें गाणें जेथें तुटेल तेथें दुसऱ्यानें तें सांवरून घेणें हा चौथा. मंद्र, मध्य व तार ह्या तिन्ही स्थानांत संचार करण्याचें सामर्थ्य हा पांचवा, आणि ध्वनीचें सारखेपण हा सहावा.

हे सहा गुण शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानांत येते. त्यांतील नायकाकडे पाहणारा गुण एकच आहे. एक तालाकडे पाहतो, एक गळ्याच्या तयारीकडे. आणि उरलेले तिन्ही गुण गाणारांनीं परस्परांकडे लक्ष देण्याचे आहेत. वृंद सुधारावयाचा म्हणजे त्यांतील प्रत्येकाचा कान सुधारावयाचा, हें तत्त्व त्यांत आलेलें आहे. नायकाची सारी विद्या ह्या एका कामासाठीं असते. त्याचे हात लोकांस दिसतात. परंतु त्याचें खरें इंद्रिय कान हेंच होय.

शार्ङ्गदेवाचा मुख्य गायक स्वतः गातो. भजनांतील बुवाही गातो, आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. पाश्चात्य देशांत ज्यास ‘कंडक्टर’ म्हणतात तो नायक मात्र वृंदासमोर उभा राहून एक स्वरही काढीत नाहीं. याचें एक कारण त्या संगीताच्या रचनेंत आहे. तेथें चार गट एकाच वेळीं चार निरनिराळ्या स्वरावली गात असतात. त्यांपैकीं कोणतीही एक गाऊन उरलेल्या तिघांस मार्ग दाखवितां येत नाहीं. दुसरें कारण मात्र कोणत्याही वृंदास लागू पडतें. जो स्वतः मोठ्यानें गात असतो त्याच्या कानांत त्याचाच आवाज भरलेला असतो, आणि मग तिसऱ्या रांगेंतील कोण बेसूर होत आहे हें त्यास कळत नाहीं. नव्या नायकाकडून बहुधा हीच चूक होते. तो उत्साहानें सर्वांबरोबर गातो; गाणारे त्याच्या आवाजावर रेलून चालतात; आणि समारंभाच्या दिवशीं तो गप्प राहिला, कीं सर्वांच्या पायाखालची जमीन सरकते. म्हणून तालमींत ओळ एकदां नीट गाऊन दाखवावी, आणि मग तोंड मिटून ऐकावें, हा पहिला नियम होय.

आतां हाताविषयीं. ताल देण्याचें काम युरोपांत पूर्वीं कसेंही चालत असे. सतराव्या शतकांत फ्रान्सच्या राजदरबारीं लुली हा संगीतकार जड काठी जमिनीवर आपटून ताल देई. १६८७ च्या जानेवारींत ती काठी त्याच्याच पायाच्या बोटावर बसली. जखम चिघळली, आणि मार्च महिन्यांत त्याचा अंत झाला. गाण्यांत खटखट ऐकूं येणारा ताल हळूहळू मागें पडला, आणि एकोणिसाव्या शतकांत हलकी छडी घेऊन, डोळ्यांस दिसणारा परंतु कानांस न ऐकूं येणारा ताल देण्याची पद्धति रूढ झाली. चार मात्रांच्या आवर्तनांत पहिल्या मात्रेस हात खालीं येतो, दुसरीस आंतल्या बाजूस, तिसरीस बाहेरच्या बाजूस, आणि चौथीस वर जातो. त्रितालांत पहिल्या, पांचव्या व तेराव्या मात्रेस टाळी आणि नवव्या मात्रेस खाली दाखविण्याची रीति ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांस ह्यांत अवघड असें कांहीं वाटणार नाहीं. सम कोठें आहे हें दोन्ही पद्धतींत हातच सांगतो.

परंतु हाताचें सर्वांत महत्त्वाचें काम समेच्या आधींचें आहे. गाणें सुरू होण्यापूर्वीं नायक एक मात्रा हात वर उचलतो, आणि त्याच वेळीं स्वतः श्वास घेतो. त्या एका हालचालींत गाणारांस तीन गोष्टी कळाव्या लागतात: लय किती, आवाज मोठा कीं हळू, आणि श्वास केव्हां घ्यावयाचा. हात झटक्यानें उचलला, तर चाळीस माणसें झटक्यानें श्वास घेतात आणि पहिलाच स्वर कर्कश निघतो. हात संथपणें उचलला, तर पहिला स्वर आपोआप भरदार येतो. आपल्या समारंभांतून ‘एक, दोन, तीन’ असें म्हणून गीत सुरू करण्याचा प्रघात आहे. त्यानें मात्रा कळते, परंतु श्वास कळत नाहीं. आणि म्हणूनच पहिला शब्द अर्ध्या मंडळींच्या तोंडून गळतो. राष्ट्रगीताचे पूर्ण गायन सुमारें ५२ सेकंदांत व्हावें असा शासनाचा संकेत आहे. नायकाविना जमलेल्या समुदायास तें लांबवितांना ज्यांनीं ऐकलें आहे, त्यांस सुरुवातीच्या एका मात्रेचें मोल निराळें सांगावयास नको.

समुदाय मोठा असला म्हणजे हाताची गरज आणखी वाढते, आणि तिचें कारण पदार्थविज्ञानांत आहे. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४० मीटर वेगानें जातो. गाणारांची एक कड दुसरीपासून ३४ मीटर दूर असली, तर एकीकडचा स्वर दुसरीकडे पोंचण्यास एक दशांश सेकंद लागतो. मिनिटास १२० मात्रांची लय असेल तर मात्रा अर्ध्या सेकंदाची होते, म्हणजे हा विलंब पंचमांश मात्रेचा होतो. दूरच्या गाणारांनीं कानावर विसंबून साथ धरली, तर ते नेहमींच मागें राहणार. आणि त्यांचें मागें राहणें ऐकून पुढचेही रेंगाळणार. बाल्टिक समुद्राच्या कांठीं वसलेल्या एस्तोनिया देशांत १८६९ सालीं तार्तू गांवीं गीतमहोत्सव सुरू झाला. पुढें तो ताल्लिन येथें भरूं लागला, आणि तेथें हजारों गायक एकाच व्यासपीठावर उभे राहून गातात. सर्वांस दिसेल अशा उंच चौथऱ्यावरून नायक त्यांस ताल देतो. अशा वेळीं लयीसाठीं डोळे आणि स्वरासाठीं कान, अशी कामाची वांटणी करावी लागते. ह्या महोत्सवासाठीं प्रत्येक वृंद आपापल्या गांवीं तींच गीतें बसवितो; त्याची आधीं परीक्षा होते, आणि मगच त्यास प्रवेश मिळतो. त्या अफाट समुदायाची शिस्त ही गांवोगांवच्या लहान खोल्यांतून झालेल्या तालमींची पुण्याई असते.

तेव्हां खरा विषय तालमीचाच आहे. शार्ङ्गदेवानें सांगितलेलें ध्वनीचें सारखेपण तेथेंच साधावें लागतें. पुष्कळांस असें वाटतें, कीं आवाज न मिळण्याचें कारण स्वर चुकणें हेंच असतें. बहुधा कारण निराळें असतें: स्वर तोच, पण उच्चार भिन्न. एकजण ‘आ’ म्हणतांना तोंड मोकळें उघडतो, दुसरा अर्धेंच उघडतो, तिसरा हंसऱ्या ओठांनीं ‘आ’ चा ‘ॲ’ करतो. तिघेही एकाच षड्जावर असले तरी तो षड्ज तीन रंगांचा ऐकूं येतो. नायकानें सर्वांकडून एकच लांब ‘आ’ हळू आवाजांत गाऊन घ्यावा, आणि तोंडाचा आकार एक करून द्यावा. एवढ्यानेंच निम्मा गलबला नाहींसा होतो. मराठींत आणखी एक बाब आहे. ‘चंद्र’ या शब्दांतील ‘च’ आणि ‘चांदणें’ यांतील ‘च’ हे भिन्न आहेत. शहरांतील मुलांच्या तोंडीं हा भेद पुसट होत चालला आहे, आणि वृंदांत दोन्ही उच्चार एकदम आले कीं शब्द फुटतो. ‘आकाश’, ‘प्रकाश’ असे शब्द ओळीच्या शेवटीं आले, तर तीस जणांचे तीस ‘श’ मागेंपुढें पडून फुसफुस ऐकूं येते. शेवटचा वर्ण कोणत्या मात्रेवर मिटावयाचा हें नायकानें ठरवावें, आणि हातानें तो मिटवून घ्यावा. सुरुवात एकत्र करणें सोपें असतें. शेवट एकत्र करणारा वृंद तयार झालेला समजावा.

चौथ्या गुणाचें, म्हणजे तुटलेलें सांवरून घेण्याचें, मर्म श्वासांत आहे. एकट्या गवयास दीर्घ ओळीच्या मध्यें कोठेंतरी थांबावेंच लागतें. वृंदास ती गरज नाहीं, आणि हीच त्याची एकट्या गवयावर मात आहे. शेजाऱ्यानें श्वास घेतला कीं आपण घ्यावयाचा नाहीं. आपण घ्यावयाचा तो शब्दाच्या सांध्यावर न घेतां एखाद्या लांब स्वराच्या मध्यें, अलगद आवाज कमी करून घ्यावयाचा, आणि तितक्याच अलगद पुन्हां आंत शिरावयाचें. असें सर्वांनीं केलें तर श्रोत्यांस स्वराची अखंड धार ऐकूं येते. हें साधण्यासाठीं शेजारी केव्हां श्वास घेतो हें ऐकावें लागतें. म्हणजे पुन्हां कानच आला.

पांचव्या गुणाची अडचण आपल्याकडील मिश्र वृंदांत विशेष जाणवते. पुरुषांचा षड्ज बहुधा काळी एक-दोनच्या आसपास आणि स्त्रियांचा काळी चार-पांचच्या आसपास असतो. काळी एक धरली आणि चाल तार गांधार-मध्यमापर्यंत चढली, तर स्त्रियांस ओरडावें लागतें. काळी चार धरली, तर पुरुषांचा आवाज खालीं बुडतो किंवा वर चिरकतो. म्हणून नायकानें स्वतःच्या सोयीचा षड्ज धरूं नये. चालींतील सर्वांत उंच व सर्वांत खालचा स्वर कोणता तें आधीं पाहावें. चाल मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत फिरत असेल, तर काळी एक दोघांसही मानवते. ती मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंतच फिरत असेल, तर पट्टी पांढरी चारपर्यंत चढवावी.

पाश्चात्य वृंदानें ही अडचण निराळ्या रीतीनें सोडविली आहे. स्त्रियांचे उंच व खालचे असे सोप्रानो आणि आल्टो, आणि पुरुषांचे तसेच टेनर आणि बास, असे चार गट करून प्रत्येकास त्याच्या गळ्यास सोसेल अशी स्वतंत्र स्वरावली दिलेली असते. त्या चारी मिळून एक स्वरसंवाद निर्माण होतो. मुंबईंत व्हिक्टर परांजोती यांनीं १९५६ सालीं स्थापन केलेल्या वृंदानें पाश्चात्य रचनांबरोबर भारतीय लोकगीतेंही ह्या पद्धतीनें बसविलीं, आणि त्यांच्या पश्चात् कूमी वाडिया यांनीं त्या वृंदाचें नायकपद दीर्घकाळ सांभाळलें.

गातां गातां पट्टी उतरणें हा मोठमोठ्या वृंदांसही होणारा रोग आहे. त्याचीं कारणें साधीं असतात. श्वास अपुरा पडतो. एकच स्वर पुन्हां पुन्हां आला कीं तो थोडा थोडा ढिला होतो. अवरोहांत प्रत्येक पायरी जरुरीपेक्षां किंचित् मोठी उतरली जाते. हळू आवाजांत गावयाचें म्हणजे आळसानें गावयाचें, असा गैरसमज असतो. यावर हार्मोनियम मोठ्यानें वाजविणें हा उपाय नव्हे. त्यानें रोग झांकला जातो. शिवाय हार्मोनियमचा गांधार स्वयंभू गांधारापेक्षां अर्ध्या स्वराच्या सुमारें सातव्या हिश्शानें चढा असतो, आणि त्याच्या आधारानें वाढलेल्या कानास शुद्ध गांधाराची गोडी लागत नाहीं. तंबोऱ्याच्या षड्ज-पंचमावर सर्वांकडून मिटल्या ओठांनीं स्वर धरून घ्यावा, आणि शंका आली कीं गाणें थांबवून तंबोऱ्याशीं ताडून पाहावें. इंग्लंडांत जॉन कर्वेन यानें एकोणिसाव्या शतकांत सामान्य लोकांस वृंदगायन शिकविण्यासाठीं ‘टॉनिक सोल्फा’ पद्धतीचा प्रसार केला. तिचें मुख्य तत्त्व हें, कीं पट्टी कोणतीही असो, आधारस्वरास नांव एकच. सरगम शिकलेल्या मराठी मुलास हें तत्त्व आयतेंच मिळालेलें असतें. नायकानें प्रत्येक ओळ शब्दांआधीं सरगमांत म्हणवून घेतली म्हणजे झालें.

तालमीचा वेळही विचारानें वांटावा लागतो. आरंभीं दहा मिनिटें श्वास आणि लांब स्वर. नंतर एखादें येत असलेलें गीत, म्हणजे गळा व मन दोन्ही खुलतात. अवघड भाग मन ताजें असतांना, मध्यावर. आणि शेवटीं एक गीत न थांबतां पुरतें गाऊन घरीं जाणें. चूक सांगतांना एका वेळीं एकच सांगावी, आणि ती नेमकी सांगावी. ‘नीट म्हणा’ हें सांगणें व्यर्थ आहे. ‘तिसऱ्या ओळींत निषाद उतरतो आहे’ असें सांगितलें तर सुधारणा होते. गाणारांस वारंवार थांबवूं नये. दहा चुका ऐकाव्या, आणि जिच्यामुळें बाकीच्या नऊ होत आहेत ती शोधून सुधारावी.

आतां एक नाजूक प्रश्न उरतो. वृंद गोड व्हावा म्हणून बेसूर व बारीक आवाजांच्या माणसांस वगळावें काय? पुष्कळ ठिकाणीं वगळतात. शाळेंतून तर ‘तूं नुसते ओठ हलव’ असें मुलास सांगितलें जातें, आणि तें मूल पुढें जन्मभर गात नाहीं. आपली संगीतपरंपरा एकट्या गवयाची थोरवी गाणारी आहे. ज्यास ईश्वरानें तसा गळा दिला नाहीं, अशा हजारोंना गाण्याचा आनंद घेण्यास दिंडी, भजन आणि वृंद एवढींच स्थळें आहेत. तेथूनही त्यांस घालविलें, तर त्यांनीं जावें कोठें? पक्क्या कानाच्या व मध्यम आवाजाच्या गायकाशेजारीं अशा माणसास उभें करावें. मोठे आवाज मागच्या रांगेंत मध्यभागीं ठेवावे, म्हणजे ते पुढच्यांस आधार देतात, दडपीत नाहींत. आणि रांग किंचित् अर्धवर्तुळाकार करावी, म्हणजे प्रत्येकास दुसऱ्याचा आवाज ऐकूं येतो. बेसूर गाणाऱ्यांपैकीं बहुतेकांचा गळा वाईट नसतो; त्यांस शेजाऱ्याचा स्वर ऐकण्याची संवय कोणी लावलेली नसते. कांहीं महिन्यांत तीं माणसें स्वरांत येतात. मोठ्या आवाजाच्या गायकास हळू गावयास शिकविण्यास मात्र पुष्कळदां याहून अधिक काळ लागतो, कारण तेथें गळ्याबरोबर मानही लववावी लागते.

नायकाच्या यशाची खूण जर्मनींतील एका प्रयोगांत सांपडते. १७५० सालीं बाख वारल्यानंतर त्याची ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही प्रचंड रचना जवळजवळ विस्मृतींत गेली होती. फेलिक्स मेंडेलसोन या तरुणानें ती प्रथम थोड्या मित्रमंडळींस घेऊन आपल्या घरीं गाऊन पाहिली, आणि ११ मार्च १८२९ रोजीं बर्लिन येथें दीडशेंहून अधिक गायकांकडून ती लोकांपुढें गाऊन घेतली. त्या वेळीं त्याचें वय वीस वर्षांचें होतें. त्याचा मित्र व सहकारी एदुआर्द देव्रिएंत यानें आपल्या आठवणींत असें नमूद केलें आहे, कीं गायन सुरळीत चालूं लागलें म्हणजे मेंडेलसोन छडी खालीं घेई आणि नुसता ऐकत राही. जरूर वाटेल तेव्हांच पुन्हां उचली.

कोणत्याही वृंदाच्या नायकास ही परीक्षा आपल्या तालमींत घेतां येते. गीत मध्यावर आलें असतांना त्यानें हात खालीं घ्यावा आणि चार ओळी स्वस्थ उभें राहावें. लय धांवूं लागली, पट्टी उतरली, मोठे आवाज वर आले, तर अजून पुष्कळ काम शिल्लक आहे असें समजावें. आणि बारीक आवाजाची ती पहिल्या रांगेंतील मुलगी शेजारणीचा श्वास सांभाळून निर्धास्तपणें गात असेल, तर त्यानें हात तसाच खालीं ठेवून आणखी चार ओळी ऐकाव्या.